दहा थेंब विरजण

२०४६ सालच्या डिसेंबरात, दहा तारखेला, सोमवारी सकाळी निफाडचा पारा दोन पूर्णांक आठवर उतरला आणि माझा संगणक सुरू होईना. तारीख लक्षात आहे, कारण माझ्या लक्षातून काही जात नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. १९८९ साली ज्या द्राक्षव्यापाऱ्यांना ट्रंक कॉल जोडून दिले त्यांचे नंबर मला आजही पाठ आहेत. व्यापारी राहिले नाहीत, नंबरही राहिले नाहीत, पाठ मात्र आहेत.

संगणक सुरू न होणं माझ्या पिढीला नवं नव्हतं. २००१ साली आमच्याकडे पहिला संगणक आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली दिली होती. घरातल्या माणसांना कुणालाच तशी नव्हती. त्या खोलीत चपला काढून जायचं. संगणकाला फुलाफुलांचं आवरण, दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. तो बिघडला की माझा मुलगा कौस्तुभ, तेव्हा अकरा वर्षांचा, खोकं उघडून मेमरीची पट्टी काढायचा, तिची सोनेरी कड खोडरबराने घासायचा आणि परत बसवायचा. दहातल्या आठ वेळा तेवढ्यावर भागायचं. उरलेल्या दोन वेळा आमचे हे खोक्याच्या कुशीत एक चापट मारायचे.

त्या सोमवारी मीही खोडरबर आणला. दिसतील त्या सगळ्या कडा घासल्या. चापटही मारली. पडद्यावर एकच ओळ:

"गणसंख्या अपुरी. सुरुवात तहकूब."

याचा अर्थ सांगायला हवा, कारण ती यंत्रं आता बाजारातून गेली आणि हल्लीच्या मुलांना वाटतं आम्ही थापा मारतो. त्या दहा-बारा वर्षांत घरगुती संगणकाची स्मरणशक्ती जिवाणूंमध्ये असे. माहिती डीएनएच्या चार अक्षरांत लिहायची आणि ते डीएनए जिवाणूंच्या पोटात ठेवायचं. जिवाणू वाढतो, दुभागतो, आणि दर वेळी मजकुराची नवी प्रत निघते. यंत्रात अंगठ्याएवढी काचेची कुपी असायची. तिच्यातल्या दुधट द्रवात घरातले फोटो, कागदपत्रं, औषधांच्या वेळा, सगळं मावायचं. आठवड्याला खुराकाची एक पुडी आणि सदतीस अंशांची ऊब, एवढंच त्याचं मागणं. कंपनीच्या पुस्तिकेत त्या द्रवाला 'संवर्ध' म्हटलं होतं. निफाडच्या बायका त्याला विरजण म्हणत.

यंत्र सुरू व्हायची तऱ्हाही निराळी. जिवाणू एकमेकांना मोजतात. प्रत्येक जण एक रसायन सोडत राहतो. ते पुरेसं साचलं की सगळ्यांना कळतं, आपण जमलो, आणि मग सगळे एकदम कामाला लागतात. संख्या भरली नाही तर कुणी हलत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा अशीच चालते. मी आमच्या 'द्राक्षवेली' सोसायटीची नऊ वर्षं सचिव होते, त्यामुळे मला हे विज्ञान एका वाचनात कळलं. आदल्या रात्री वीज गेली, ऊब देणारी तबकडी गार पडली, आणि माझे बहुतेक सभासद वारले.

संध्याकाळी हैदराबादहून कौस्तुभचा फोन आला.

"आई, आजचा अहवाल आला नाही."

"अरे, वीज गेली होती."

"आता आली?"

"आलीये."

"मग यंत्र?"

"गारठलंय जरा. उन्हात ठेवते."

"आई, आपलं ठरलंय. तीन दिवस."

"लोणच्यालासुद्धा मुरायला याहून जास्त दिवस देतात रे."

"आई."

ठरलं होतं ते असं. हे २०३६ साली गेले. त्यानंतर मी एकटी राहते. २०४४च्या मार्चमध्ये मी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि तास-दीड तास तशीच पडून राहिले. सोसायटीचा वॉचमन भिकाजी सहज म्हणून वर आला, माझी हाक ऐकली, दार उघडवलं, म्हणून वाचले. तेव्हापासून कौस्तुभची अट होती: रोज सकाळी आठला यंत्राने त्याला अहवाल पाठवायचा. आई उठली, चहा घेतला, घरात हिंडली. तीन दिवस सलग अहवाल गेला नाही आणि चौथ्या दिवशीही आठ वाजून गेले, तर मी कायमची हैदराबादला, तेविसाव्या मजल्यावर. तिथे माझी खोली तयार होती. भिंतींना धरायला दांडे बसवले होते. पडदेही लावले होते, मला न आवडणाऱ्या रंगाचे. यापूर्वी मला दोनदा माफी मिळाली होती. त्यातली एक, पुडी संपली म्हणून मी कुपीत ताक घातलं तेव्हाची. तिसरी मिळणार नव्हती.

मंगळवारी मी कुपी काढून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. थंडीत दही लागत नाही तेव्हा निफाडात सगळे हेच करतात. काही झालं नाही. मग मदतकेंद्राला फोन लावला. तिकडचा आवाज गोड होता, म्हणजे माणसाचा नव्हता.

"यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून पाहिलंत का?"

"ते सुरू होत नाही म्हणूनच फोन केलाय."

"आपली अडचण समजली. कृपया यंत्र सुरू करा आणि पडद्यावरचा तक्रार क्रमांक सांगा."

"अहो, सुरू झालं असतं तर तक्रार कशाला केली असती?"

"आपली अडचण समजली."

नवी कुपी यायला आठ दिवस लागणार होते. माझ्याकडे दोनही नव्हते.

दही लागलं नाही तर बाई काय करते? शेजारी जाते. माझ्यासारखंच यंत्र आमच्या इमारतीत फक्त एका घरी होतं, भिंतीपलीकडे, विमल बोरस्तेकडे. आणि विमल माझ्याशी सात वर्षं बोलत नव्हती.

चूक माझी होती. १८ सप्टेंबर २०३९, रविवार, वार्षिक सभा. आमचे सभासद बारा, गणसंख्येला आठ हवेत. हजर होते बरोबर आठ, त्यात विमल. तिने हजेरीपत्रकावर सही केली आणि "गॅसवर दूध हाये, आले" म्हणून खाली गेली. ती गेल्या गेल्या मी विषय क्रमांक चार पुकारला: गच्चीवर कोणीही बेदाणे वाळवू नयेत. गच्चीवर बेदाणे वाळवणारी इमारतीत एकच बाई होती. तिच्या बेदाण्यांवर गांधीलमाश्या यायच्या आणि मग माझ्या खिडकीत यायच्या, हे खरं. तरीपण मी तिला गणसंख्येत धरलं आणि मतदानातून वगळलं, हेही खरं. ती दूध उतरवून वर आली तेव्हा सभा चहापर्यंत पोचली होती.

बुधवारी संध्याकाळी मी तिची बेल दाबली. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरांत छापलं होतं, 'एका यंत्राचा संवर्ध दुसऱ्या यंत्रात घालू नये.' पण ते लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी दही लावलेलं नसणार, असं माझं मत होतं.

दार चार बोटं उघडलं.

"कोन?"

"मी."

"मी म्हंजे?"

"हेमलता गायधनी. फ्लॅट नंबर सात. माजी सचिव."

"माजी ना? मग बरंय. आता कशावर सही पाहिजे?"

"सही नको. विरजण हवंय. संगणकाचं."

दार आणखी दोन बोटं उघडलं. "मेलं तुमचं?"

"गारठलं."

"का? ठराव करून मारलं?"

एरवी मी उलट उत्तर दिलं असतं. त्याऐवजी, सांगायचं नव्हतं ते तोंडातून गेलं. "कौस्तुभ न्यायला येतोय. उद्या आठपर्यंत यंत्र बोललं नाही तर. कायमचं नेणार, हैदराबादला, तेविसाव्या मजल्यावर."

विमलने माझ्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. "पावणेसहा होत आले. दिवे लागले की आमच्यात विरजण देत नाहीत. आत या लवकर, दार लावा, थंडी येती."

सात वर्षांनी मी तिच्या स्वयंपाकघरात उभी होते. तिने आपल्या यंत्रातून कुपी काढली, ड्रॉपरने मोजून दहा थेंब एका रिकाम्या कुपीत सोडले आणि बूच लावलं.

"दहाच?"

"विरजण जास्त झालं की दही आंबट होतं. आणि कुपी माझी हाये. परत पाहिजे."

ते थेंब मी माझ्या कुपीत घातले, खुराकाची पुडी सोडली, शालीत गुंडाळलं, गरम पाण्याची पिशवी लावली आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. गुरुवारी सकाळी सहाला कुपी यंत्रात बसवली. पडदा उजळला. "गणसंख्या पूर्ण. सुरुवात करत आहे." मी देवासमोर साखर ठेवायला वळले तेवढ्यात यंत्र बोललं. एरवी ते 'सुप्रभात, हेमलताजी' म्हणायचं.

"उठलीस का गं आक्का? आधी गोळी घे, मग चहा."

आठला अहवाल गेला. आठ वाजून पाच मिनिटांनी फोन.

"आई, अहवाल आला."

"बघ, म्हटलं नव्हतं?"

"यात लिहिलंय, बीपीची गोळी घेतली. तू कधीपासून बीपीची गोळी घेतेस?"

"अरे, ते..."

"पुढे लिहिलंय, 'बागेत शेकोट्या पेटवल्या का ते विचार.' कुठली बाग, आई?"

"थंडी आहे रे इकडे. द्राक्षांना..."

"आणि शेवटी, 'सुनेचा फोन आला तर लगेच उचलू नये, चार वेळा वाजू द्यावा.'"

मागून माझ्या सुनेचा, मृण्मयीचा आवाज आला. "तरीच! मला वाटायचं त्यांना ऐकू कमी येतं!"

"मी शनिवारी येतोय," कौस्तुभ म्हणाला. "बॅग भरून ठेव. तुझं काहीतरी बिनसलंय आणि तू लपवते आहेस."

माझं काही बिनसलं नव्हतं. घडलं ते साधं होतं, नंतर एका प्राध्यापकबाईंनी मला समजावून सांगितलं. दहा थेंबांत अख्खं घर येत नाही. फोटो, कागदपत्रं हा एकदा लिहून ठेवलेला मजकूर विरळ असतो, त्याच्या प्रती थोड्या. पण जे रोज वापरलं जातं, पुन्हा पुन्हा उघडलं जातं, त्याची दर वेळी नवी प्रत निघते, आणि ते कुपीत दाट होत जातं. म्हणून दहा थेंबांत माणसाच्या फाइली येत नाहीत, सवयी येतात. शिवाय जिवाणू शेजाऱ्याशी डीएनएचे तुकडे अदलाबदल करतात. त्यांच्यात अबोला नसतो. माझ्या यंत्रात उरलेसुरले माझे जिवाणू होते, त्यात विमलचं वळण मिसळलं: 'आक्का' ती, बीपीची गोळी तिची, शेकोट्यांची बागही तिची.

शुक्रवारी मी विमलची कुपी परत केली. इथे माझी आणखी एक चूक झाली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. कुपीत साखर घालावी का, असा विचार केला, मग वाटलं साखरेपेक्षा आपलं ताजं लागलेलं विरजणच घालावं. मोजून दहा थेंब घातले. विमल घरात नव्हती, म्हणून कुपी दाराच्या कडीला पिशवीत टांगून आले. आणि कुणी परत केलेलं विरजण टाकायचं नाही, हे तिलाही अंगवळणी पडलेलं. तिने ते आपल्या यंत्रात ओतलं.

शनिवारी दुपारी कौस्तुभ आला. छपन्न वर्षांचा माणूस, पण आल्या आल्या यंत्राचं झाकण उघडून आत डोकं घातलं तसं मला २००१ साल आठवलं.

"खोडरबर देऊ?" मी विचारलं.

तो हसला, पण अर्ध्यात थांबला. "आई, यात दुसऱ्याचा संवर्ध आहे. हे यंत्र तुझ्याबद्दल काही सांगतच नाहीये. उद्या तू पडलीस तर हे मला शेकोट्यांचं सांगेल." तो माझ्याजवळ बसला. "मागच्या वेळी भिकाजी सहज वर आला. पुढच्या वेळी नाही आला तर?"

मी बॅग भरली. स्वेटर, चष्मे, ह्यांचा फोटो. हैदराबादला स्वेटर लागत नाहीत हे माहीत असून चार भरले.

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, नगरपरिषदेचं पाणी आलं तेव्हा, आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा घेत होतो. तेवढ्यात यंत्र बोललं:

"पलीकडे नळ वाजला. म्हातारी आहे अजून."

कौस्तुभने कप खाली ठेवला. "कोण म्हातारी?"

मलाही कळेना. गुरुवारपासून पाणी आलं तेव्हा मी न्हाणीघरात असायची, त्यामुळे हे ऐकलंच नव्हतं.

"ही कसली नोंद आहे?" कौस्तुभने यंत्राला विचारलं.

"रोजचं काम," यंत्र म्हणालं. "सकाळी पाणी आलं की भिंतीपलीकडचा नळ ऐकायचा. वाजला तर तसं सांगायचं. साडेसहापर्यंत वाजला नाही तर वॉचमनला वर पाठवायचं."

"कधीपासून?"

"१९ सप्टेंबर २०३९."

सभेच्या दुसऱ्या दिवसापासून.

"वॉचमनला कधी पाठवलं होतं?" कौस्तुभचा आवाज खाली आला होता.

"एकदा. ७ मार्च २०४४. 'सहज आलो म्हणून सांग, माझं नाव घेऊ नको' असं सांगून."

कौस्तुभ माझ्याकडे वळला, "आई, ही म्हातारी म्हणजे...?"

"मी," मी म्हटलं. "तिच्या बाजूने मोजलं तर पलीकडे मी राहते."

तेव्हाच बेल वाजली. क्षणभरही उसंत न देता दुसऱ्यांदा वाजली. दारात विमल, खांद्यावर शाल, हातात काही नाही, आणि चेहरा तापलेला.

"एकेचाळीस!" ती म्हणाली.

"काय एकेचाळीस?"

"मसुदे! परवापास्नं माझं यंत्र वाचतंय. 'मसुदा क्रमांक एक. प्रिय विमल.' भाजी निवडू देईना, झोपू देईना. एकेचाळीस मसुदे लिहिले माफीचे आन एक धाडला नाही?"

मी जमिनीकडे पाहत होते. दर संक्रांतीला तिळगूळ करताना, आणि मधेही कितीदा तरी, मी यंत्राला तिच्यासाठीचं पत्र सांगायला बसायची आणि पुसून टाकायची. पण जिवाणूंना पुसणं जमत नाही, तेवढी खूण जाते, मजकूर राहतो. आणि मी ते मसुदे पुसण्याआधी इतक्यांदा उघडले होते की माझ्या कुपीत त्यांच्याइतकं दाट दुसरं काही नव्हतं.

"आन मसुदा नऊ!" विमल कौस्तुभकडे वळली. "ऐका तुमच्या आईचं. 'चूक माझी होती, तरी गांधीलमाश्या तुझ्याच होत्या.' ही माफी हाये का नोटीस?"

"त्यानंतरचे बरे आहेत," मी म्हटलं.

"सतरावा बरा होता." तिने नाक ओढलं. "सतराव्याला मी रडले. मग अठराव्यात पुन्हा गांधीलमाश्या."

"विमल, तू मला म्हातारी म्हणतेस? चारच वर्षांनी तर लहान आहेस."

"मग काय माजी सचिव म्हणू रोज सकाळी?" मग तिला बॅग दिसली. ती बॅगेकडे बघत म्हणाली, "नेताय?"

कौस्तुभने मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही.

"न्या की. तुमची आई हाये. पण तेविसाव्या मजल्यावर नळ कोन ऐकनार?"

कौस्तुभ उठला, गॅसपाशी गेला आणि विमलसाठी चहा टाकला. साखर किती, असं त्याने विचारलं तेव्हा यंत्राच्या आधी मीच उत्तर दिलं. मला पाठ होतं.

तो संध्याकाळी एकटाच परतला. जाताना त्याने यंत्राचं झाकण लावलं आणि कुशीत एक हलकी चापट मारली.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. कौस्तुभ निवृत्त झाला. रोज सकाळी त्याला एका ओळीचा अहवाल जातो, 'दोन्ही नळ वाजले.' हैदराबादच्या खोलीचे पडदे मृण्मयीने बदलले आणि रंग निवडायला मला फोन केला. मी पहिल्याच घंटेला उचलला. भिकाजी नोकरी सोडून चांदोरीला गेला. त्याला मी विचारलं, तू इतकी वर्षं बोलला का नाहीस? तो म्हणाला, बोरस्तेबाईंनी शपथ घातली होती, आणि वर दर हंगामाला किलोभर बेदाणे. जिवंत यंत्रं २०५० साली कंपनीने बंद केली. लोक एकमेकांना विरजण देतात, हे तिला शेवटपर्यंत थांबवता आलं नाही. नवी यंत्रं थंडीत गारठत नाहीत, शेजारी जावं लागत नाही. लोक खूश आहेत.

विषय क्रमांक चारचा ठराव २०४७च्या जानेवारीत रद्द झाला. सभेला अकरा जण होते, आणि मतदान होईपर्यंत मी विमलला जागेवरून उठू दिलं नाही. बेदाणे गच्चीवर आले, गांधीलमाश्याही आल्या. मला दोनदा चावल्या. मी काही बोलले नाही.

आमची दोन यंत्रं आम्ही परत केली नाहीत. पारा पाचाखाली गेला की दोघींपैकी एकीचं हमखास तहकूब होतं, आणि मग दिवे लागायच्या आत कुपी इकडून तिकडे जाते. त्यामुळे आता कुठली सवय कुणाची ते आम्हालाही सांगता येत नाही. मी बेदाण्यांची काळजी करते, आणि विमल परवा मला १९८९ सालच्या एका द्राक्षव्यापाऱ्याचा नंबर म्हणून दाखवत होती.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून, दोन दिवस घेऊन वाचलं.

"चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "पण यात माफी कुठंय?"

मी पानं परत घेतली आणि वर एका कोपऱ्यात लिहिलं: मसुदा क्रमांक बेचाळीस. मग त्याच्या खाली तिच्यादेखत लिहिलं, विमल, चुकले. पुढे आणखी एक वाक्य मनात आलं होतं, गांधीलमाश्यांचं. ते लिहिलं नाही.